घरकर्जाचा हिशोब अर्जदाराच्या हातातही द्या

माननीय केंद्रीय अर्थमंत्री यांस,

स.न.वि.वि.

मी छोट्या व्यावसायिकांची प्राप्तिकर विवरणपत्रे भरण्याचे काम करतो. त्यांपैकी अनेक जण तीच विवरणपत्रे घेऊन घरकर्जासाठी बँकेत जातात आणि एक आकडा ऐकून परत येतात. मागितलेले असतात ३० लाख, बसतात १४. हे १४ कुठून आले ते त्यांना कोणी सांगत नाही. बँकेने उत्पन्न किती धरले, कोणती देणी वजा केली आणि त्यावरून हप्ता कसा ठरवला, याचा कागद प्रत्येक अर्जदाराला मिळावा, एवढ्यासाठी हे पत्र.

बँक आधी महिन्याचे उत्पन्न ठरवते. मग जुने-नवे सगळे हप्ते मिळून त्याच्या किती टक्क्यांपर्यंत जाऊ द्यायचे ते पाहते. बँकेत याला ‘एफओआयआर’ म्हणतात. ही मर्यादा साधारण ४० ते ६० टक्क्यांत असते, पण ती प्रत्येक संस्थेची स्वतःची. पगारदाराचे त्यातल्या त्यात सोपे. पगारपत्रक आणि फॉर्म १६ पुढे ठेवला की बरेचसे काम होते, जरी ओव्हरटाइम आणि इन्सेंटिव्ह पूर्ण धरतीलच असे नाही.

खरी अडचण स्वतःचा धंदा असलेल्यांची. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत छोटा व्यापारी उलाढालीच्या किमान ८ टक्के, आणि डिजिटल जमेवर किमान ६ टक्के, नफा दाखवून विवरणपत्र भरू शकतो. हिशोबाच्या वह्यांच्या ओझ्यातून सुटका म्हणून सरकारनेच दिलेली ही सोय आहे. ५० लाखांची उलाढाल सगळी डिजिटल असेल, तर त्याचे उत्पन्न दिसते ३ लाख, म्हणजे महिना २५ हजार. निम्मे हप्त्याला धरले तर साडेबारा हजार. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी यात जेमतेम १४ लाख ४० हजार बसतात. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो दाखवा, हे मी प्रत्येकाला सांगतोच. पण दुसरी एखादी संस्था तीच फाइल जीएसटीची विवरणपत्रे किंवा खात्यातली सरासरी शिल्लक पाहून तपासते आणि वेगळाच आकडा काढते. माणूस तोच, धंदा तोच; कोणी काय मोजले, हे मात्र त्याला कळत नाही.

देण्यांचेही तेच. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा काही टक्के भाग दरमहाचा हप्ता म्हणून धरला जातो. भावाच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाच्या क्रेडिट अहवालात तो जामीन दिसतो, आणि त्यापायी आपली पात्रता घटली हे त्याला कोणी बोलले तरच समजते.

वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या सूक्ष्म कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून स्पष्ट मर्यादा घातली आहे: सगळी परतफेड मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपलीकडे नको. घरकर्जाला अशी समान मर्यादा नाही. ती घाला, असे मी म्हणत नाही. सरसकट आकड्याने अनियमित कमाईची माणसेच आधी बाहेर पडतील. पण लावलेली मर्यादा दाखवायला काय हरकत आहे?

कर्ज नाकारल्यास मुख्य कारण लेखी कळवावे, असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच सर्व कर्जांसाठी सांगितले आहे. माझ्याकडे येणाऱ्यांच्या हातात ‘धोरणात बसत नाही’ एवढेच वाक्य असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांबरोबर की फॅक्ट्स स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, मिळते, ही चांगली गोष्ट झाली. त्यात कर्ज केवढ्याला पडेल ते कळते, पात्रता कशी काढली ते नाही.

हा कागद जास्त कर्ज मिळवण्यासाठीच हवा, असे कृपया समजू नये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून साडेसहा टक्के झाला आणि त्याला जोडलेल्या घरकर्जांचे व्याजही वाढले. ३० लाखांच्या २० वर्षांच्या कर्जाला पावणेसात टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे २२,८००. दर अडीच टक्क्यांनी वाढून सव्वानऊ झाला, तर ३० लाखांवर महिन्याचे नुसते व्याजच २३,१२५ होते. वीस वर्षांतच मुद्दल फिटायला हप्ता साडेसत्तावीस हजारांच्या घरात न्यावा लागतो. दर वाढला तरी झेपेल एवढी जागा मंजुरीच्या वेळीच ठेवावी, असे रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात आहे. ती जागा खरोखर ठेवली की नाही, हे कर्जदाराला आज तपासता येत नाही.

म्हणून विनंती अशी, की आपण रिझर्व्ह बँकेशी बोलून मंजूर, कमी केलेल्या आणि नाकारलेल्या प्रत्येक घरकर्ज अर्जासोबत हा एक पानाचा हिशोब अर्जदाराच्या भाषेत देणे बंधनकारक करावे. दर दोन टक्क्यांनी वाढला तर हप्ता किती, ही ओळ त्यात असावी. आणि हिशोबात चूक निघाल्यास ती दाखवून, पुन्हा प्रक्रिया शुल्क न भरता, तोच अर्ज फेरतपासणीला देता यावा.

आपला नम्र,
एक करसल्लागार