ताई, तू पडलीस म्हणून मी शिकले

प्रिय ताई,

हे तुला एकटीला लिहून पाठवलं असतं तर ‘बरं, गुडघा कसा आहे आता?’ एवढं विचारून तू विषय संपवला असतास. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आपलं प्रो-रेसलिंगचं, म्हणजे टीव्हीवर दिसते त्या रिंगमधल्या कुस्तीचं, शिबिर संपल्यावर मी जो व्हिडिओ टाकला त्यात मी तुला बॉडी स्लॅम मारते, म्हणजे उचलून पाठीवर आपटते, रिंग दणाणते आणि तू पाठ धरून लोळतेस. खाली लोकांनी भरभरून लिहिलं, काय ताकद आहे पोरीची! ताकद कुणाची होती ते तुला आणि मला ठाऊक आहे. बाकीच्यांनाही कळू दे.

बॉडी स्लॅममध्ये उचलणारीचं काम फार तर अर्धं. मी वाकून एक हात तुझ्या पायांमध्ये आणि दुसरा खांद्यावरून घालते, त्याच क्षणी तू उडी मारतेस. तुझा एक हात माझ्या मांडीवर टेकतो आणि त्याच्या जोरावर तू वर चढतेस, पोट आणि कंबर ताठ धरतेस. तू अंग सैल सोडलंस तर मी काय, माझ्या दुप्पट वजनाचा गडीसुद्धा तुला सहज उचलू शकणार नाही. वर गेल्यावर माझी जबाबदारी सुरू होते: तुला मानेवर नाही, खांद्यावर नाही, सपाट पाठीवर उतरवायचं, आणि हात शेवटपर्यंत सोडायचा नाही. हे सगळं कागदावर सोपं वाटतं. नवशिकीच्या हातून स्लॅम वाकडाच पडतो. मग त्या वाकड्या स्लॅमखाली कुणीतरी लागतं, जिला हवेत असतानाच स्वतःला सरळ करून घेता येतं. आमच्या तुकडीत ती तू होतीस. तुला कुणी नेमलं नव्हतं. तुझी स्वतःची तयारी बाजूला ठेवून तू माझ्यासमोर येऊन उभी राहायचीस आणि म्हणायचीस, “चल, टाक मला.”

मी आले कुस्तीतून. तिथे सगळी विद्या एका गोष्टीसाठी, पाठ लागू द्यायची नाही. पडता पडता अंग फिरवायचं, पालथं व्हायचं, पूल करायचा, काहीही करायचं, पण पाठ वाचवायची. आणि इथे पहिला धडाच पाठीवर पडण्याचा! डोक्याला पटलं तरी अंगाला पटत नव्हतं. दरवेळी ऐन क्षणी मी वळायचे, नाहीतर हात मागे टेकायचे. मागे टेकलेला हात म्हणजे मनगट किंवा कोपर गेलंच समज, हे प्रशिक्षक ओरडून सांगत होते. तू ओरडली नाहीस. मला उकिडवं बसवलंस, हनुवटीखाली चेंडू दिलास आणि म्हणालीस, “चेंडू पडू द्यायचा नाही, बाकी काय व्हायचं ते होऊ दे.” चेंडू सांभाळायच्या नादात हनुवटी छातीला चिकटून राहिली आणि मान आपोआप वाचली. पाठ आधी पडते, मान सैल असेल तर डोकं मागाहून झटक्याने येतं आणि सगळ्यात जोरात आपटतं, हे तू नंतर समजावलंस, मला पडता यायला लागल्यावर. आधी समजावलं असतंस तर मी अजून घाबरले असते.

मग हळूहळू बाकीचं आलं. दोन्ही हात अंगापासून तिरके, तळवे खाली, पाठीच्या वरच्या भागाबरोबर एकाच वेळी कॅनव्हासवर आपटायचे. मार जितक्या जास्त जागेवर पसरेल तितका कमी लागतो. पडताना श्वास सोडायचा, नाहीतर छातीतली हवाच जाते आणि मासोळीसारखं तोंड उघडून पडून राहावं लागतं. रिंगला खाली स्प्रिंगची गादी असते असं समजणाऱ्यांना मी आता एकदा वर बोलावणार आहे. लोखंडी तुळया, त्यांवर लाकडी फळ्या, वर पातळसा फोम आणि ताणून बांधलेलं कॅनव्हास. काही रिंगांच्या मध्याखाली स्प्रिंग असते खरी, पण पाठीला भेटतं ते लाकूडच. तो मोठा आवाज येतो तोही त्या फळ्यांचाच.

दोरांबद्दल तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. टीव्हीवर दोरावर अंग टाकून परत धावत येणं किती मजेचं दिसतं! बऱ्याच रिंगांत तो दोर नसतोच मुळी, रबरी नळी चढवलेली लोखंडी केबल असते. काखेखाली आणि पाठीवर काळेनिळे पट्टे उठले. तू तुझे जुने वळ दाखवलेस आणि पावलं मोजायला शिकवलंस: तीन पावलं, वळायचं, वरचा दोर हाताने धरायचा, मगच अंग टाकायचं. दोर तुटला किंवा सैल निघाला तर बाहेर फेकलं जायचं नाही, म्हणून आधी धरायचं. लॉकअपमध्ये, म्हणजे सुरुवातीला एकमेकींना भिडून धरताना, डावा पाय पुढे, हेडलॉक म्हणजे काखेत डोकं आवळायची पकड, तीही डाव्या बाजूची, कारण जवळपास सगळीकडे डाव्या अंगाने काम चालतं. अनोळखी माणसाशीही पहिल्याच लढतीत जुळतं ते यामुळे. मेक्सिकोच्या लुचा लिब्रेत, म्हणजे तिकडच्या प्रो-रेसलिंगमध्ये, मात्र उजव्या बाजूने, तिकडे गेलीस तर सगळं उलटं करावं लागेल, हेही तूच सांगितलंस. मी तिकडे कधी जाणार देव जाणे!

बैठकांबद्दल लिहीत नाही. त्या मला येत होत्या, तुलाही येत होत्या, बाकीच्यांचे हाल झाले. आपल्याकडच्या बैठका आणि दंड कार्ल गॉचसारख्या मल्लाने जपानच्या प्रो-रेसलिंगमध्ये रुजवले आणि तिथून ते जगभरच्या शिबिरांत पोचले, एवढं तरी त्या कण्हणाऱ्या मंडळींना सांगून मी थोडा भाव खाऊन घेतला.

मी बॅग भरली होती ती संध्याकाळ तुला आठवत असेल. तू थांब म्हणाली नाहीस. बॅगेवर बसलीस आणि रिक फ्लेअर या नामांकित प्रो-रेसलरची गोष्ट सांगितलीस. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मिनेसोटात व्हर्न गॅनिया या जुन्या मल्लाचं शिबिर होतं, कडाक्याच्या थंडीत, धान्याच्या कोठारात. फ्लेअर तिथून पळाला आणि गॅनियाने त्याला परत आणलं. पुढे तो सोळा वेळा जगज्जेता ठरला. आता यापुढे काहीतरी प्रेरणादायी ऐकावं लागणार म्हणून मी तोंड वाकडं केलं, तर तू म्हणालीस, “तू पळालीस तर मी आणायला येणार नाही. माझे गुडघे दुखतात.” एवढं हसल्यावर बॅग उचलणं अवघड झालं.

आता ज्या गोष्टीसाठी खरंतर हे पत्र आहे ती.

एका सकाळी बंप घेताना, म्हणजे पाठीवर पडण्याचा सराव करताना, माझं डोकं मागे लागलं. मी उठले, हातपाय हलत होते, रांगेत जाऊन उभी राहिले. पुढचा सराव कोणता ते मी तुला विचारलं, तू सांगितलंस. थोड्या वेळाने मी तेच पुन्हा विचारलं. मला ते आजही आठवत नाही, तू सांगितलंस म्हणून माहीत. तू मला उत्तर दिलं नाहीस. दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केलीस. सामन्यात रेफरी ही खूण करतो तेव्हा पडद्यामागच्यांना कळतं, हे नाटक नाही, खरंच लागलंय. सगळी रिंग थांबली. मी ठीक आहे, मी ठीक आहे, म्हणून तुझ्यावर चिडले, आणि तू माझ्या बुटांच्या नाड्या सोडत होतीस. डॉक्टरांनी मेंदूला धक्का बसल्याचं सांगितलं. तो पुरता भरून यायच्या आत दुसरा धक्का बसला असता तर जिवावर बेतू शकलं असतं. मी रांगेत पुढच्या बंपसाठीच उभी होते.

विश्रांतीच्या दिवसांत मला वाटायचं, माझं शिबिर वाया चाललं. तू संध्याकाळी येऊन बसायचीस आणि ब्रेट हार्ट या प्रो-रेसलरबद्दल बोलायचीस. आपल्या हातून एकाही प्रतिस्पर्ध्याला गंभीर दुखापत झाली नाही, हे तो आपल्या किताबांपेक्षा अभिमानाने सांगतो. आणि १९९९च्या डिसेंबरात डोक्यावर बसलेल्या एका लाथेने त्याचीच कारकीर्द संपली, पुढच्या वर्षी त्याला निवृत्त व्हावं लागलं. डोक्यावर खुर्ची मारणं डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या मोठ्या प्रो-रेसलिंग कंपनीने बंद केलं तेही २०१० उजाडल्यावर! मला विचारशील तर फार उशिरा. हे खेळ-नाटक कसंही असो, समोरच्याने आपलं अंग आपल्या हातात दिलेलं असतं, या एका मुद्द्यावर तू कधी थट्टा केली नाहीस. लॉकअपमध्ये हात हळूच दाबून ‘ठीक आहेस ना?’ विचारायची सवय मला तुझ्यामुळे लागली. प्रेक्षकांना वाटतं आम्ही एकमेकींना चिरडतो आहोत.

‘ते सगळं खोटं असतं ना?’ हा प्रश्न मला आता रोज ऐकावा लागतो. निकाल आधी ठरलेला असतो, हो. कोण जिंकणार ते आम्हा लढणाऱ्यांना माहीत असतं. पण पडणं कुणी ठरवून कमी करत नाही, आणि छातीवर बसलेली चपराक, तुझी तर विशेषच, दोन दिवस लाल राहते. मी हे समजावत बसत नाही. तुझा फोटो दाखवते.

पुढच्या तुकडीत नवख्या पोरींकडून स्लॅम घ्यायला कुणीतरी हवं आहे, मला विचारलं होतं. मी हो म्हणून टाकलं आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, तू लगेच फोन करून विचारशील म्हणून आधीच सांगते.

आणि एक विचारायचं राहून गेलं. शेवटच्या सरावात मी तुला टाकलं तेव्हा तू उठायला फार वेळ लावलास. कमरेवर हात, डोळे मिटलेले, चेहरा असा की प्रशिक्षकसुद्धा एक पाऊल पुढे आले. नंतर तू हसून म्हणालीस, सेलिंग होतं गं, लागल्याचं नाटक. मला तेव्हाही पटलं नव्हतं. खरं सांग, ताई, लागलं होतं का?

तुझी,
सध्या उजवा खांदा शेकत बसलेली धाकटी