गाळ नदीत आहे, पण सुटतो आपल्याच बागेतून

मा. संपादक साहेब, नमस्कार.

दर उन्हाळ्यात तुमच्या पेपरात नद्यांतला गाळ काढल्याच्या बातम्या येतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं त्यानंतर तर तिथल्या वाशिष्ठी नदीच्या गाळावर भरपूर लिहून आलं आणि ते यायलाच हवं होतं. पण ही माती सुटते कुठून, त्यावर कोणी फारसं बोलत नाही.

आमच्या घराखालून पऱ्या, म्हणजे लहान ओढा, जातो. यंदा जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा त्याचं पाणी लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरून रात्रभर पडवीत ठेवलं, सकाळी बघतो तर तळाला बोटाच्या पेराएवढा लाल चिखल आणि वरचं पाणी तरीही चहासारखं. वरच्या अंगाला आमचीच हापूसची कलमं आहेत. उतार जेसीबीने साफ केलेला, बेणणीला माणसं मिळत नाहीत म्हणून तणनाशक मारतो, त्यामुळे ऐन पावसात जमीन उघडी पडलेली असते. शेजारचे काका गवत कापून तिथेच पसरतात, त्यांच्या बागेतून येणाऱ्या पाण्याची पण बरणी भरली, तळाला जेमतेम नखभर माती! फरक डोळ्याने दिसतोय हो.

उघड्या मातीवर थेंब आपटला की ढेकूळ फुटतं, बारीक कणांनी जमिनीची छिद्रं बुजतात आणि पाणी मुरायचं सोडून धावत सुटतं. अमेरिकेत विशमायर आणि स्मिथ यांनी १९६५ साली मातीच्या धुपीचं सूत्र मांडलं, त्यात पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी आणि चढ, जमिनीवरचं आच्छादन, बांधबंदिस्ती असे घटक आहेत. पाऊस काय आपल्या हातात नाही, कोकणात तो अडीच-तीन हजार मिलिमीटर पडणारच, पण आच्छादन आपल्या हातात आहे ना? ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ साली देशाची सरासरी धूप काढली ती वर्षाला हेक्टरी सुमारे १६ टन, म्हणजे मोठा डंपर भरून माती, आणि त्यातली साधारण दहा टक्के धरणांत जाऊन बसते.

आणि नुसती माती जात नाही. खतातलं फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून पऱ्यातून खाडीपर्यंत जातं, युरियातलं नत्र नायट्रेट होऊन विहिरीत झिरपतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आमच्या वाडीत विहिरीचं पाणी त्यासाठी आजवर एकदाही तपासलेलं नाही.

माझी कळकळीची विनंती आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या मृदा शास्त्रज्ञांकडून उतारावरच्या बागांबद्दल साध्या भाषेत लिहून घ्या आणि ते मे महिन्यातच छापा, पाऊस लागल्यावर उपयोग नाही. गाळ काढायला जो पैसा जातो त्यातला थोडा वरच्या उतारावर चर खणायला पण मिळायला हवा.

आम्ही यंदापासून तणनाशक बंद केलंय. पुढच्या जूनला उताराला आडव्या वाळ्याच्या ओळी लावायच्या आहेत, रोपं जवळपास कुठे मिळतात ते कोणी वाचकाने तुमच्या पेपरातून कळवलं तर फार बरं होईल.

आपला एक वाचक,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी