रविवारी फोन का उचलत नाही

उत्रेख्त, नेदरलँड्स

ती. आई व ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मी सुखरूप आहे, प्रकृती उत्तम आहे आणि नोकरीही ठीक चालली आहे. एवढे आजीला आधी वाचून दाखवावे. एरवी आपण फोनवर बोलतोच, परंतु तिथे तुम्ही सगळे एकदम बोलता आणि माझे म्हणणे अर्ध्यावर राहते, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते आहे. रविवारी दुपारी बाराला तुम्ही फोन करता तेव्हा इथे सध्या सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, आणि नेमकी तीच आमच्या सायकलगटाची निघण्याची वेळ असते. फोन पाठीवरच्या खिशात वाजल्याचे मला कळते. पण १ जुलै २०१९ पासून इथे सायकल चालवताना फोन हातात धरला तर दंड होतो. तेव्हा ‘उचलत नाही म्हणजे नक्की काहीतरी झाले’ हा आईचा तर्क कृपया सोडून द्यावा.

शनिवारचे फारसे सांगण्यासारखे नाही. त्या दिवशी मी एकटीच आमेरोंगसे बर्ख या टेकडीवर सरावाला जाते. ही या प्रांतातील सर्वांत उंच जागा आहे आणि तिची उंची ६९ मीटर आहे. बाबांनी हसू नये. चार मिनिटे जीव खाऊन चढायचे, तीन मिनिटे रमतगमत उतरायचे आणि पुन्हा वळायचे, असे पाय नकार देईपर्यंत चालते.

रविवारच्या गटाचे मात्र नीट समजावून सांगायला हवे, कारण दादाने दाखवलेला व्हिडिओ पाहून आईची झोप उडाली, असे वहिनी म्हणाली. आम्ही दोन-दोनच्या जोड्यांनी, पुढच्या सायकलच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून चालतो. हे धाडस नसून काटकसर आहे. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या पुढे गेले की बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्ची पडते, आणि या देशात डोंगर नसले तरी वारा आहे. इतका की ओस्टरस्खेल्डे येथील समुद्री बांधावर वादळी वाऱ्यातच, बिनगिअरच्या साध्या सायकलींवरून, वाऱ्याला तोंड देत ८.५ किलोमीटरची राष्ट्रीय स्पर्धा भरवतात. (मी तिथे जाणार नाही.) पुढच्याच्या आडोशाला राहिले की चतुर्थांश ते तृतीयांश श्रम वाचतात. आघाडीवर कायम कोणी राहत नाही; काही मिनिटे वारा अंगावर घेतला की पुढची जोडी दोन्ही बाजूंना सरकते, गट मधून पुढे जातो आणि ती जोडी शेवटी येऊन मिळते. आपली पाळी टाळून सबंध सकाळ आडोशाने काढणाऱ्याला इथे कोणी तोंडावर बोलत नाही, परंतु सगळ्यांच्या ते लक्षात राहते.

व्हिडिओत जो आरडाओरडा ऐकू येतो तो भांडणाचा नाही. मागच्यांना पुढच्याच्या पाठीखेरीज काही दिसत नसल्यामुळे पहिली जोडी ओरडून सांगते आणि प्रत्येक जण तेच मागे ओरडतो. अगदी शेवटची जोडीसुद्धा, जिच्या मागे ऐकायला कोणी नसते. समोरून कोणी आले, पुढे एखाद्या आजीबाई हळू चालल्या आहेत, खड्डा आहे, काच पडली आहे, या प्रत्येकाची आरोळी ठरलेली आहे. सर्वांत मोठी आरोळी खांबासाठी असते. मोटारी शिरू नयेत म्हणून सायकलमार्गाच्या बरोबर मध्यभागी खांब रोवलेले असतात. ती आरोळी आली की गट दोन्ही अंगांनी फाकतो आणि खांब मागे पडताच पुन्हा जुळतो. एरवी हीच माणसे अगदी हळू आवाजात बोलतात, आणि महिनोन्‌महिने शेजारून सायकल चालवूनही तुझा पगार किती किंवा लग्न कधी, असे चुकूनही विचारत नाहीत. रविवारी मात्र लेक नदीच्या बांधावरून वरात चालल्यासारखा आमचा गोंगाट चाललेला असतो.

आता राहिलेल्या शंका. मी हेल्मेट घालते. फोटोत उजव्या पोटरीवर दिसणारा काळा डाग जखमेचा नसून चेनच्या ग्रीसचा आहे. मोटारीने सायकलस्वाराला धडक दिली तर भरपाईची जबाबदारी इथल्या कायद्याने बहुधा मोटारचालकावरच येते, त्यामुळे ते आपल्याकडच्यापेक्षा पुष्कळ जपून चालवतात. मी वाळलेली नाही; लांबच्या फेरीत तासातासाला खावेच लागते आणि मी खाते. रंग उतरला आहे हे मान्य आहे, पण तो फक्त कोपरापासून मनगटापर्यंत. सायकल जुनीच घेतली आहे. दादाने किंमत पुन्हा विचारू नये.

घराचा हप्ता परवाच पाठवला आहे आणि बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी वेगळी रक्कमही पाठवली आहे. दादाने त्याचा हिशेब कळवू नये. रुग्णालयात सगळ्या रात्री तोच बसला आणि वहिनीने घर, ऑफिस आणि डबे सांभाळले, हे मला ठाऊक आहे. बाबांना व्यायामासाठी स्थिर सायकल सांगितली आहे ना? ती रोज करावी, प्रतिकार अगदी कमी ठेवावा आणि बसण्याची उंची जरा जास्त घ्यावी, म्हणजे गुडघा फार दुमडणार नाही. तरी डॉक्टर सांगतील तेच प्रमाण मानावे.

धाकट्याच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. लग्नासाठी तीन आठवड्यांची रजा हवी असेल तर आत्ता ती मोडून चालणार नाही. त्याच सुमारास मी इथल्या फ्रिसलंड प्रांतातल्या अकरा शहरांच्या २३५ किलोमीटरच्या सायकलफेरीत भाग घेणार आहे, हे आत्याला कळेलच आणि ती बोलेलच. तिला सांगावे की ती फेरी सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी असते, त्यासाठी रजा लागत नाही. साखरपुड्याची साडी मात्र माझ्याकडूनच घ्यावी, आणि वहिनीसाठीही एक, तिला न विचारता.

मावशीने पाठवलेल्या स्थळाची माहिती वाचली. मुलगा बरा वाटतो. बोलायला माझी हरकत नाही, फक्त त्याला रविवारी तुमच्याकडच्या संध्याकाळी सहानंतर फोन करायला सांगावे, आणि मी सायकल चालवते हे त्याला मावशीने आधीच सांगावे.

आजीस नमस्कार, लहानग्यांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुमची,
ताई

ता. क. : तुम्हीही रविवारचा फोन सहानंतरच करावा. तोवर मी घरी आलेली असते.