लंडनची दुसरी फेरी आणि तीन घरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलाबाळांकडे दुसऱ्यांदा लंडनला निघालेली आपली मंडळी पुन्हा बिग बेन, लंडन आय, मादाम तुसाँ याच चकरेत अडकतात. लोकमान्य टिळक, डॉ. आंबेडकर आणि सावरकर जिथे राहिले ती तिन्ही घरे एका दिवसात, सहल कंपनीशिवाय, आरामात बघून होतात, हे अनेकांना ठाऊक नसते.

सुरुवात ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, बेकरलू लाइनवरील वॉरिक अ‍ॅव्हेन्यू स्टेशनपासून करावी. कालव्यावरचा पूल ओलांडला की जवळच 10, हाउली प्लेस. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या अब्रूनुकसानीच्या खटल्यासाठी आलेले टिळक 1918-19 मध्ये इथे राहत होते. भिंतीवर निळी पाटी आहे. तिथून मेडा अ‍ॅव्हेन्यूने कालव्याच्या कडेकडेने पूर्वेकडे निघावे. एजवेअर रोडपाशी कालवा बोगद्यात शिरतो आणि आत पायवाट नाही, त्यामुळे बरेच जण इथेच गोंधळतात. रस्ता ओलांडून सरळ अ‍ॅबर्डीन प्लेसने चालत राहावे. पुढे पायऱ्या उतरल्या की काठची वाट पुन्हा सापडते. प्राणिसंग्रहालय मागे टाकून वर आलात की समोर प्रिमरोझ हिल. टेकडीवरून अख्खे शहर दिसते, तिथे बसूनच डबा खावा.

टेकडीच्या पलीकडे 10, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब 1921-22 मध्ये इथे राहिले. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ही वास्तू घेतली आणि आता तिथे संग्रहालय आहे. उघडण्याचे वार आणि वेळा आदल्या दिवशी तपासाव्यात.

पुढचा टप्पा चॉक फार्म स्टेशनवरून. नॉर्दर्न लाइनने दक्षिणेकडे एकच स्टेशन, कॅम्डन टाउन. तिथे गाडी बदलायची. उत्तरेकडे जाणाऱ्या दोन शाखांचे फलाट वेगळे आहेत. एजवेअरच्या गाडीत चढलात तर पुन्हा चॉक फार्म! पाटीवर ‘हाय बार्नेट’ बघूनच चढावे, तिसरे स्टेशन आर्चवे. तिथून 65, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूपर्यंत चढ आहे. गुडघे कुरकुरत असतील तर 210 क्रमांकाची बस हायगेट हिलवरून जाते. श्यामजी कृष्णवर्मांनी 1905 मध्ये सुरू केलेले इंडिया हाउस ते हेच, सावरकर राहिले ते इथे. इथे आणि हाउली प्लेसला लोक राहतात. पाटीचा फोटो फुटपाथवरूनच काढावा, बेल वाजवू नये.

तिकिटाचे म्हणाल तर वेगळा पास लागत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचा ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘कॉन्टॅक्टलेस’ वापर बँकेच्या अ‍ॅपमध्ये निघण्यापूर्वीच सुरू करावा. आपल्याकडे तो बहुधा बंद असतो. नवरा-बायकोला एक कार्ड चालत नाही, प्रत्येकाचे वेगळे हवे. ट्यूबला आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्हीकडे तेच कार्ड लावायचे. आत कार्ड आणि बाहेर फोन लावला, तर दोन अर्धवट प्रवास धरून दोन्हीवर जास्तीचे भाडे लागते आणि दिवसाच्या एकूण भाड्याची कमाल मर्यादाही जुळत नाही. बसला मात्र चढताना एकदाच. रोख पैसे बसमध्ये घेत नाहीत. पहिल्या टॅपनंतर तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे भाडे पडत नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ ट्यूबचे दर चढे असतात, म्हणून साडेनऊनंतर निघणे परवडते. डिसेंबरात मात्र चार वाजताच अंधारते. तेव्हा दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण लवकर निघावे.

आपला,
एक वाचक, ठाणे