शाळेतली नोकरी घे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, शाळेत असिस्टंट कोच होणं म्हणजे खाली उतरणंच ना?" हे फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय.

डग पीडरसनला तू ईगल्सचा, म्हणजे फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, माजी कोच म्हणून ओळखतोस. मी फिलाडेल्फियात नवा होतो तेव्हा, १९९९ मध्ये, तो इथला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाली चालवणारा खेळाडू, होता. सुरुवातीचे नऊ सामने खेळला, त्यातले सात हरला. सगळ्यांना त्याच्या जागी नवा क्वार्टरबॅक डॉनवन मॅकनॅब हवा होता. पीडरसनची हुर्यो आपल्याच प्रेक्षकांनी उडवली. १९९१ च्या ड्राफ्टमध्येही, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हाही, त्याला कुणी घेतलं नव्हतं. मायामी, कॅरोलायना, ग्रीन बे, इथे, मग क्लीव्हलँड, पुन्हा ग्रीन बे, असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन तो फिरला.

ग्रीन बेत तर पुढे मुख्य क्वार्टरबॅक ब्रेट फार्व, जो एकही सामना चुकवत नसे. मग राखीव माणसाने करायचं काय? कोचची प्रत्येक चाल ऐकायची, समोरचा बचाव कुठे सरकतोय ते बघायचं, किकरसाठी चेंडू नेमका टेकवून धरायचा. कॉलेजात तूही हेच केलंस. अरे, कोचिंगचं शिक्षण याहून वेगळं काय असतं?

२००४ च्या हंगामानंतर तो थांबला आणि लुइझियानात श्रीव्हपोर्टच्या एका शाळेत पोरांना शिकवायला गेला. सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, जिंकलेल्या संघातला माणूस, चार हंगाम शाळेच्या मैदानावर! २००९ मध्ये ईगल्समध्ये परतला तोही मुख्य कोच अँडी रीडच्या हाताखाली, अगदी खालच्या पायरीवर.

४ फेब्रुवारी २०१८ चा सुपर बोल तर तुला पाठच आहे. तोवर पीडरसन ईगल्सचा मुख्य कोच झाला होता. मुख्य क्वार्टरबॅक वेंट्झ जखमी, म्हणून राखीव निक फोल्स खेळतोय. मध्यंतराला ३८ सेकंद उरलेले, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, टचडाउनच्या रेषेला एक यार्ड कमी. किक मारून तीन गुण घेतले असते तर कुणी बोललं नसतं. फोल्स कडेला आला, त्याने स्वतःच ती चाल सुचवली आणि पीडरसन लगेच हो म्हणाला. फेकणाराच झेलायला पळाला! पुढे ४१-३३, ईगल्सचा पहिला सुपर बोल. राखीव खेळाडूवर इतका भरवसा टाकायला स्वतः बाकावर बसलेला माणूस लागतो, असं मला मनापासून वाटतं. तो भरवसा तुझ्याकडे आहे.

तेव्हा नोकरी घे. पहिल्याच दिवशी तिसऱ्या नंबरच्या क्वार्टरबॅकला शोधून त्याच्याशी बोल, त्याच्याकडे सहसा कुणी जात नाही. पगार कमी आहे हे खरं, पण गाडीचा हप्ता वर्षभर मी भरीन, आईशी बोलणं झालंय. त्यांना या आठवड्यातच होकार कळव, रेंगाळू नकोस.

तुझे,
बाबा