हार्ट अटॅक आणि कार्डियाक अरेस्ट एक नव्हेत

महोदय,
‘व्यायाम करताना तरुणाचा हार्ट अटॅकने मृत्यू’ ही आपल्या अंकातील बातमी वाचली. ‘तो अचानक कोसळला, श्वास थांबला’ असे त्याच बातमीत पुढे म्हटले आहे. हे वर्णन हार्ट अटॅकचे नाही, कार्डियाक अरेस्टचे आहे.

हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी बहुधा गुठळीमुळे बंद होते. छाती दाटून येते, दरदरून घाम फुटतो, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जाते. पण रुग्ण बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, बोलतो. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाचे रक्त ढकलण्याचे कामच थांबते आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते, हे खरे. तरीही दोन्हींना एकच नाव देणे घातक आहे.

शुद्धीवरच्या रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यायचे असते, त्याची छाती दाबायची नसते. श्वास थांबलेल्याची छाती मात्र तत्क्षणी, मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबावी लागते. मदतीविना गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. भोवतालची माणसे ‘अटॅक आला’ म्हणून गाडी शोधत राहतात, तोंडावर पाणी मारतात, आणि हीच मिनिटे हातची जातात.

कारण वैद्यकीयदृष्ट्या स्पष्ट झालेले नसेल, तर ‘अचानक कोसळून मृत्यू’ एवढेच छापावे आणि सोबत सीपीआर (छाती दाबण्याचा हा प्रथमोपचार) कसा द्यायचा याची छोटी चौकट द्यावी, ही विनंती.

– एक वाचक