वैमानिकांचा हिशेब आधी हवा

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, ती वैमानिक कमी पडल्यामुळे. वैमानिकांना साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर, हे जास्त वैमानिक लागतील असे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. भरतीला पुरेसा काळ हाती होता. (वैमानिक काही महिनाभरात तयार होत नाही!) शेवटी प्रवाशांचे हाल पाहून नियमांतच सवलत दिली गेली, याचे मला जास्त वाईट वाटते. ते नियम थकव्यातून होणारे अपघात टाळण्यासाठीच होते. यापुढे वेळापत्रक मंजूर करताना कंपनीकडे वैमानिक किती आहेत, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आधी तपासावे.

– एक वाचक, ठाणे